डाव्या हाताची तीन बोटं

नंबरमामांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं. उरलेली दोन कापसातून सरकी काढणाऱ्या जिनानं खाल्ली होती, ते फिटर होण्याच्याही आधी, उमेदवारीच्या दिवसांत. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीचे त्यांच्याकडे तीनच नंबर असायचे. गावातल्या विहिरींचं पाणी, स्टँडवरच्या हॉटेलांतला चहा, पोळ्याला सजून आलेले बैल, जिनाच्या शेठचे जावई, सगळ्यांची वर्णी अंगठा, बोट, बोट अशी लागायची. कोणी चौथ्यासाठी हट्ट धरलाच, तर मामा तो हात त्याच्या नाकासमोर धरून म्हणायचे, "चवथा कोठून आणू? बोट दाखव मले."

उजवा हात धडधाकट होता. पण तो चुकांसाठी राखलेला. आपल्या हातून आयुष्यात झालेल्या चुका ते उजव्या हातावर मोजत आणि मोजून झाल्यावर हात झटकत. "चुकायले पाच बी पुरत नाहीत, बाप्पा," असं म्हणून पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात करत.

खरं नाव त्यांचं काही वेगळं होतं. ते हजेरीपटात होतं आणि तिथंच राहिलं.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. आमचा वाशीम तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. मामा ज्या जिनात फिटर होते, त्या जिनाच्या शेठला कबड्डीचा भारी नाद. जिनाची स्वतःची टीम होती आणि टीममध्ये घेतलेल्या गड्याला जिनात काम मिळायचं. तेही हंगामापुरतं नाही, बारमाही. दर दसऱ्याला दोन जागा निघायच्या आणि त्या दोन जागांवर कोण, हे मामा ठरवायचे. शेठ मध्ये तोंड घालायचा नाही. आजूबाजूच्या पन्नास गावांतली तरणी पोरं वर्षभर त्या दिवसाकडे डोळे लावून बसायची.

मामा स्वतः कधी कबड्डी खेळल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पण माणूस पारखायची त्यांची रीत होती. जिनाच्या मागच्या शेतात ताजी नांगरट करून घ्यायचे आणि वाळलेल्या ढेकळांतून एकेकाला अनवाणी चालायला लावायचे, खाली न बघता. आपण बांधावर उकिडवं बसून त्याच्या टाचा बघायचे. कोणी पुढं होऊन नाव-गाव सांगायला लागला, तर त्याला थांबवायचे. "नाव नको सांगू. आडनाव तं बिलकुलच नको. चालून दाखव." आमच्यासारख्यांना त्या वाक्याची किंमत वेगळी होती. आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो. मामा चेहऱ्याकडे बघायचेच नाहीत. "चेहरा खोटा बोलते," म्हणायचे. "टाच नाही बोलत."

त्यांनी निवडलेल्या गड्याला सगळा गाव 'मामाचा' म्हणायचा. न्हाव्याच्या दुकानात, स्टँडवर, बाजारात कोणी विचारलं, "कोणाचा रे तू?" की बापाचं नाव कोणी सांगत नसे. "मामाचा," एवढंच सांगायचं. न्हावी मग खुर्ची मोकळी करून द्यायचा.

दुपारच्या सुट्टीत जिनाच्या मागच्या फाटकाजवळच्या लिंबाखाली मामांची बैठक भरायची. विषय एकच. आजवर निवडलेल्या गड्यांत पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण. यादी सगळ्यांना पाठ होती, तरी रोज नव्यानं ऐकायची.

अंगठ्यावर सोमला. मानोऱ्याकडच्या तांड्यातला. मानोऱ्याच्या बाजारात एकदा गोऱ्हा बिथरला, दावं तोडून सुटला. लोक वाट फुटेल तिकडे पळाले. एकटा सोमला त्याच्या दिशेनं धावला. "पण आडवा नाही गेला," मामा तीन बोटांनी हवेत रेघ मारून दाखवायचे. "तिरपा गेला. जनावराच्या आडवं जाते तो मरते. तिरपं जाते तो वेसण धरते." सोमला पुढे सात वर्षं जिनासाठी चढाया करत राहिला आणि कोणाच्या आडवा म्हणून कधी गेला नाही.

दुसरा वामन, रिठदचा. त्याला मामांनी लग्नाच्या पंगतीत हेरला. दोन ओळींच्या मधल्या वीतभर जागेतून हा गडी वरणाची बादली घेऊन धावत होता आणि थेंब सांडत नव्हता. मामा जेवायचे थांबले. नवरदेवाच्या बापाला वाटलं, पाहुणा रुसला. तिसरा इस्माईल. स्टँडवर शेंगा विकायचा आणि पार कारंजापर्यंतची सगळी गावं एका दमात ओरडायचा. मामा तिथं तीन दिवस जाऊन बसले होते, म्हणे, नुसता त्याचा दम मोजत.

एका वर्षी वामनचं लग्न झालं आणि दिवाळीपर्यंत त्याची ढेरी सुटली. मामांनी बसल्या बैठकीला त्याला तिसरा केला, इस्माईलला दुसरा. वामन दोन दिवस जेवला नाही, त्यामुळे थोडा सुधारलाही. "पोट आलं का बोट गेलं," मामांनी नियमच सांगून टाकला. पुढच्या वर्षी वामनला त्याचं बोट परत मिळालं. आता हे हसण्यासारखं वाटतं. पण त्या लिंबाखाली बसलेल्या आम्हा चौदा-पंधरा जणांना त्या तीन बोटांपलीकडे दुसरं काही मोठं नव्हतं.

उजव्या हातावरही नावं होती. छातीनं दार अडवेल असा एक पहिलवान, ज्याचा दम मधल्या रेषेपर्यंतही पुरला नाही. एक जुन्या मित्राचा भाचा. "वळखीनं घेतला," मामा म्हणायचे आणि करंगळी दुमडायचे. उजव्या हातावरची नावं सांगताना त्यांना लाज वाटायची नाही. उलट डाव्या हातापेक्षा जास्त रंगून सांगायचे.

माझं नाव कुठल्याच हातावर यायचं नाही.

मी त्र्याहत्तरपासून सलग पाच वर्षं उजव्या कोपऱ्यात पकडीला होतो. माझ्या हातातून सहसा कोणी सुटायचं नाही. मामा मैदानाबाहेरून ओरडून शाबासकी द्यायचे, पाय मुरगळला तर स्वतः हळद उगाळून आणायचे. पण लिंबाखाली मोजणी सुरू झाली की ते माझ्यावरून असे पुढं जायचे, जसं काही मी तिथं बसलेलोच नाही. मला पहिला नंबर नको होता. उजव्या हातावरची करंगळी मिळाली असती, तरी चाललं असतं. मला फक्त मामांच्या तोंडून ऐकायचं होतं, की हा मी निवडलेला. का ऐकायचं होतं, ते सांगायला माझ्या निवडीचा दिवस सांगावा लागेल.

ते बहात्तर साल. पाऊस आलाच नव्हता. कापूस नाही तर जिन काय चालणार? शेठनं दोनाची एकच जागा केली. त्या एका जागेसाठी सकाळपासून पोरं चालत होती, खेळत होती, गळत होती. दिवस कलताना दोघं उरले. मी आणि सुखदेव.

सुखदेव इंझोरीत माझ्या शेजारच्या घरातला. आमच्या दोघांच्या बापांनी एकाच दिवशी दीक्षा घेतली, एकाच बैलगाडीतून परत आले. आम्ही दोघं एका पाटीवर लिहायला शिकलो, कारण दुसरी पाटी नव्हती. मी पकडीत बरा, तो चढाईत बरा, बाकी सगळं सारखंच. फरक एवढाच, की माझं त्या वर्षी लग्न झालं होतं आणि बायको पोटुशी होती. त्याचं काही झालं नव्हतं.

मामांनी आम्हाला ढेकळांतून चार वेळा चालवलं. मग डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "मले नाही समजून राह्यलं. जा, नावं घेऊन या."

नावं घेणं म्हणजे पोरांचा खेळ. गडी वाटताना दोघं गळ्यात हात घालून दूर जातात, गुपचूप नावं ठरवतात, येऊन विचारतात. 'कोणाले पायजे सूर्य, कोणाले पायजे चंद्र?' मागणाऱ्यानं एक नाव घ्यायचं. त्या नावाआड कोण आहे, हे त्या दोघांनाच ठाऊक. त्यात लबाडी करायची नसते. लहान पोरंसुद्धा करत नाहीत.

आम्ही लिंबामागं गेलो. सुखदेव हसत होता. "आपून जिनात आलो ना बे," म्हणाला, "तू गोरा, तू रुई. मी काळा, मी सरकी." परत येऊन त्यानंच विचारलं, "मामा, कोणाले पायजे रुई, कोणाले पायजे सरकी?"

मामांनी फार विचार केला नाही. "सरकी," म्हणाले. "सरकीत जीव असते."

मी तसाच उभा राहिलो. सुखदेवचा हात माझ्या खांद्यावर होता. तो हात घट्ट झाला आणि मग त्यानं मला पाठीवर जोरात ढकललं. "जाय ना बे, सरकी!" सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "सोताचं नाव भुलला का?"

मी मामांसमोर जाऊन पडलो. उठलो, धूळ झटकली. 'मी सरकी नाही' हे तीन शब्द. ते मी बोललो नाही. भीती वाटली म्हणून नाही, आनंद झाला म्हणूनही नाही. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, तसं काहीतरी आतून झालं. मामांनी माझ्या खांद्यावर ती तीन बोटं ठेवली. सुखदेव तेवढ्यात पायतान घालून निघालाही होता.

पंधरा दिवसांनी तो गावच्या टोळीबरोबर विहिरींच्या खोदकामाला गेला. जायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी आला, माझ्या बायकोला म्हणाला, "वयनी, पोट्टं झालं का कार्ड टाकजा." आणि मला म्हणाला, "पकडताना घोट्याले नको जाऊ, मांडीले जाय." बस. रुई-सरकीचं नाव त्यानंही काढलं नाही, मीही नाही. मुलगी झाली तेव्हा मी कार्ड टाकलं. त्याला ते मिळालं की नाही, कळलं नाही.

उन्हाळ्यात आमची तालुक्याच्या गावी स्पर्धा होती. शेवटच्या सामन्याआधी मामा मैदानाच्या कडेला उभे होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून पोस्टकार्डाचं टोक दिसत होतं. टोक फाडलेलं होतं. फाडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेलं. मी विचारलं, "मामा, कोणाचं?"

"खेळ आधी," मामा म्हणाले.

मी खेळलो. त्या दिवशी मी नऊ जण पकडले, सगळे मांडीला. सामना जिंकल्यावर पोरं मामांना उचलायला धावली. मामांनी सगळ्यांना बाजूला सारलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं. टोळीच्या मुकादमानं लिहिलं होतं. विहिरीची दरड कोसळली, सुखदेव खाली होता, तिथंच मातीला लावलं, जयभीम. सुखदेवनं त्याच्याजवळ जिनाचा पत्ता देऊन ठेवला होता. काही झालं तर इथं कळवा, म्हणून.

मी कार्ड दोनदा वाचलं. मग हौदावर गेलो आणि पाय धुतले. गुडघ्यापर्यंत माती होती, ती घासून काढली. बोटांच्या मधलीसुद्धा. सोमला माझ्याजवळ येऊन रडत होता. त्यानं तर सुखदेवला एकदाच बघितलं होतं. मला रडू आलं नाही. येईल, आज नाही तर उद्या येईल, असं वाटत राहिलं. इंझोरीला गेलो, त्याच्या मायजवळ बसलो, ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत चुलीवरच्या पातेल्याकडे बघत होतो. पातेल्याला एक कान नव्हता, हे मला आजही आठवतं.

त्यानंतर वर्षं गेली. मी कामावर जायचो, खेळायचो, जेवायचो, मुलीला खांद्यावर घेऊन बाजार दाखवायचो. लोक माझं नाव घेऊन म्हणायचे, हा उत्तम मोठा शांत माणूस आहे. आणि दुपारी लिंबाखाली बसून मी माझा नंबर यायची वाट बघायचो. मामांनी एकदा म्हटलं असतं, 'उत्तम माझी चवथी निवड,' किंवा 'उत्तम माझी सहावी चूक,' तर ती जागा माझी झाली असती. मग त्या दिवसाचं ओझं मामांचं, त्यांच्या पारखीचं झालं असतं. एवढंच मला हवं होतं. किती नेभळट अपेक्षा!

मामांची नजर अधू होत चालली. एक दिवस त्यांनी नव्या पोराच्या टाचा बघता बघता मलाच विचारलं, "याचा उजवा पाय कसा पडून राह्यला रे?" त्या वर्षी त्यांनी काम सोडलं. लेकीकडे, मानोऱ्याच्या पलीकडे राहायला जायचं ठरलं. त्यांना स्टँडवर सोडायला मी एकटाच गेलो. बाकीच्यांनी लिंबाखालीच रडून घेतलं होतं.

एसटी लागायची होती. मामा बाकावर बसले, पत्र्याची पेटी पायाशी. स्टँडवरच्या चहाला तिसरा नंबर दिला. मी समोर उभा होतो. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून विचारलंच.

"मामा, सात वर्सं झाले. माहा नंबर कोणता? डावा हात का उजवा, एवढं तरी सांगा."

मामांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. सगळी बोटं एकदा नजरेखालून घातली.

"तू माह्या हातावर नाहीस, उत्तम," म्हणाले. "तुले मी कुठं निवडलं?"

मी पायानं पेटी बाकाखाली सरकवली.

"मी सरकी म्हणलो तवा त्या काळ्या पोट्ट्याची टाच उचलली व्हती. इतकी." त्यांनी दोन बोटांत अंतर दाखवलं. "मंग खाली टेकली. मंग त्यानं तुले ढकललं. तुही टाच जमिनीतच व्हती. मी टाचाच पाहत व्हतो ना, लेका. दुसरं काय येते मले?"

"मंग तुमी तवा काहून नाही बोलले?"

"काय बोलू? त्याचं ठरलं व्हतं. त्याले हाताले धरून आणला असता, तरी तो थांबला नसता." मग म्हणाले, "वाटे, तू सोताच सांगशीन. आज सांगशीन, उद्या सांगशीन. मी रोज मोजून राह्यलो त्या लिंबाखाली. तू रोज आयकून राह्यला. सांगितलं नाही तू."

एसटी आली. मी पेटी वर चढवली, त्यांना खिडकीजवळ बसवलं. गाडी सुरू झाली तशी त्यांनी तीन बोटं खिडकीच्या गजाला धरली आणि मला जवळ बोलावलं.

"म्या जिंदगीभर गडी निवडले. दोन हात भरले," म्हणाले. "त्यानं एकच निवडला. त्याच्यात पयला काय अन् दुसरा काय? नंबर काय इचारतं?"

गाडी गेली. मी जिनात परत आलो आणि दुपारपाळी पूर्ण केली. वर्षभरानं मामा गेल्याचं कार्ड आलं, टोक फाडलेलं. ते मी फाटकावर वाचून दाखवलं. तेव्हाही आवाज हलला नाही.

त्याच दसऱ्याला शेठनं निवडीचं काम माझ्यावर टाकलं. मागचं शेत नांगरून ठेवलं होतं. सकाळी सगळ्यांत आधी एक पोरगा आला. रिठदकडचा असावा. नाव सांगायला लागला, मी हात वर करून थांबवलं. पायतान काढता काढता त्यानं मोठ्या आदरानं विचारलं, "भाऊ, तुमी बी मामाचेच ना?"

माझ्या तोंडात 'हो' तयार होतं. आठ वर्षं तेच सांगत आलो होतो, न्हाव्याला, कंडक्टरला, सासऱ्याला.

"नाही," मी म्हणालो. "मी सुखदेवचा."

इतक्या वर्षांत ते नाव मी मोठ्यानं घेतलं नव्हतं. घेतलं आणि बधिर पायाला मुंग्या याव्यात तसं छातीत झालं. मी बांधावर बसलो. पोरगा घाबरून जवळ आला, एका पायात पायतान, एक पाय मोकळा.

"कोण सुखदेव, भाऊ?"

मी त्याला शेजारी बसवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचं सुचलं नाही.

"आमी दोघं या लिंबामागं नावं घ्याले गेलो व्हतो," मी म्हणालो. "रुई मी व्हतो."